गच्चीवर लॉन करायचंय: माती किती, कोणती, गवत कुठलं? (नेरूळ)

नीता_नेरूळ | ८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमची नेरूळ पूर्वेला चार मजली सोसायटी आहे, तिशीला आलेली. वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत छताला ओल आलीय, त्यामुळे गच्चीचं वॉटरप्रूफिंग यंदा करायचंच आहे. कमिटीत विषय निघाला की एवढा खर्च होतोच आहे तर साधारण ६०० चौरस फुटांचं लॉनही करून घेऊ. सकाळी ज्येष्ठांना बसायला, संध्याकाळी पोरांना लोळायला.

एक लँडस्केपवाला बघून गेला. त्याचं म्हणणं: खाली जाड प्लास्टिक, त्यावर ९ इंच लाल माती, वर कार्पेट लॉन, पंधरा दिवसांत काम खलास. कमिटीतले निम्मे लोक तयारही झाले. मला मात्र ९ इंच हा आकडा पचत नाहीये. खरंच एवढी माती लागते का? कुठली घ्यावी? आणि इथल्या पावसात टिकणारं गवत कुठलं? पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली एका कोपऱ्यात पडते, बाकी गच्चीवर दिवसभर ऊन.

पत्रा_बरा | ८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

पत्र्याची शेड घाला आणि निवांत झोपा. गळती बंद, ऊन बंद, वर कपडेही वाळतात. महापालिकेची परवानगी तेवढी घ्या.

सुट्टीवरचा_सिव्हिल | ८ फेब्रुवारी, रात्री ११:३०

नीताताई, माती कुठली हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न तुमचा स्लॅब किती पेलतो हा, दुसरा पाणी कुठून जातं हा. या दोघांची उत्तरं आली की मातीची जाडी आपोआप ठरते. गवताला किती आवडेल हे शेवटी विचारायचं.

त्या ९ इंचांचा हिशेब करू. ६०० चौरस फूट म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. ९ इंच म्हणजे २३ सेंटिमीटर. गुणाकार केला की जवळजवळ १३ घनमीटर माती. बागेतली साधी माती पावसात पूर्ण भिजली की घनमीटरला १८०० ते २००० किलो भरते. म्हणजे २४-२५ टन, आणि चौरस मीटरला ४३० किलोच्या आसपास.

आता दुसरी बाजू. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग २ प्रमाणे (१९८७) ज्या सपाट छतावर माणसांची ये-जा असते, त्याला चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १५० किलो, एवढा चल भार धरतात. तोही माणसांसाठी, तात्पुरत्या वजनासाठी. बारा महिने तिथेच पडून राहणारी माती त्यातून वजा करायची नसते. बांधताना वरच्या थराचं म्हणून जे स्थिर वजन धरलं असेल, ते वेगळं.

तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनीअरने येऊन स्लॅब बघेपर्यंत त्या माणसाला ॲडव्हान्स देऊ नका. नाहीतरी इमारत ३० वर्षांची झाली की नोंदणीकृत इंजिनीअरचा स्थैर्याचा दाखला लागतोच. त्याच फेरीत हा प्रश्न विचारून घ्या.

एक शंका: गच्चीवर आत्ता काय आहे? ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे नि सिमेंटचा थर) असेल तर किती इंच?

नीता_नेरूळ | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

कोबा आहे, वर चायना मोझॅक. जुने सभासद म्हणतात की मागे एकदा गळती झाली तेव्हा आधीचा न काढता त्यावरच दुसरा कोबा केला होता.

सुट्टीवरचा_सिव्हिल | ९ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

हेच ऐकायचं होतं. मुंबई-ठाण्यात अर्ध्या गच्च्यांची हीच कथा आहे, थरावर थर. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला १८० ते २०० किलो. दोन थर असतील तर स्लॅबच्या डोक्यावर आजच ३६०-४०० किलो आहेत, आणि वर नऊ इंच माती घालायची गोष्ट चाललीय!

पण याची चांगली बाजूही बघा. दोन्ही थर फोडून मूळ स्लॅबपर्यंत गेलात, उताराचं पातळ काँक्रीट करून वर मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर) टाकलीत, तर ते नवं काम चौरस मीटरला शंभर-सव्वाशे किलोंत बसतं. उरलेल्यातून थोडं वजन लॉनला देता येईल. सगळं नाही, कारण मूळ डिझाइन एकाच थराचं असणार आणि सळ्या तीस वर्षं जुन्या आहेत. किती द्यायचं ते इंजिनीअर ठरवेल.

फोडलेला राबिट (मलबा) गच्चीत एका जागी रचू देऊ नका. रोजचा रोज खाली.

कोलशेतची_माळीण | ९ फेब्रुवारी, दुपारी २:१०

वरच्याला जोरदार अनुमोदन. मी ठाण्यात पोडियमवरच्या (इमारतींच्या पायथ्याशी पार्किंगच्या छतावरच्या) आणि गच्चीवरच्या बागांची कामं करते. घोडबंदर रोडच्या नव्या कॉम्प्लेक्समधलं पोडियम गार्डन बघून लोक गच्चीवर तसंच मागतात. पोडियमचा स्लॅब बागेचं, कधी कधी आगीच्या बंबाचंही वजन धरून बांधलेला असतो. तुमची गच्ची तशी नाही.

वजन मोजायला प्रयोगशाळा नको. १० लिटरच्या बादलीला बुडाशी भोकं पाडा, तुमचं मिश्रण हलकं दाबून काठोकाठ भरा, रात्रभर पाण्याच्या टबात बुडवून ठेवा. सकाळी बाहेर काढून निथळू द्या आणि सामान तोलायच्या हुकाच्या काट्यावर टांगा. बादलीचं वजन वजा केलं की जे किलो येतील, तेच चौरस मीटरवर एक सेंटिमीटर जाडीच्या थराचे किलो, कारण १० लिटर म्हणजे बरोबर तेवढाच थर. नुसती लाल माती १८-१९ दाखवते. माझं मिश्रण साडेअकरा ते साडेबारात बसतं. म्हणजे १० सेंटिमीटरला १२० किलो धरून चाला.

मिश्रण घमेल्याच्या मापाने:
विटांचा चुरा (चाळून धूळ काढलेला, हरभऱ्याएवढे नि त्याहून लहान तुकडे) ४, पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) २, धुतलेलं कोकोपीट २, लाल माती १, पूर्ण कुजलेलं गांडूळखत १. शंभर चौरस फुटांना ओंजळभर निंबोळी पेंड नाही, चांगली दोन किलो. मिसळल्यावर सगळं मिळून घमेल्यांच्या बेरजेपेक्षा १५-२० टक्के कमी भरतं, तेवढं जास्त मागवा. पर्लाइट ओलं करूनच हाताळा, धूळ नाकात जाते.

विटांच्या चुऱ्याला लोक नाक मुरडतात. पण तो पाणी धरतो, हवा खेळू देतो, आणि दहा वर्षांनीही कुजून खाली बसत नाही. काळी माती मात्र चिमूटभरही नको. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि खालची जाळी चोंदते.

अमृतमाती_भक्त | ९ फेब्रुवारी, रात्री ८:४५

एवढा विटा-पर्लाइटचा खटाटोप कशाला? श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारापासून चालत आलेली अमृतमाती करा. पालापाचोळा, उसाचं चिपाड, शेण-गोमूत्र-गुळाचं पाणी. वजनाला हलकी, फुकटात, आणि सोसायटीचा ओला कचराही जिरतो. मी वाशीत गच्चीवर वांगी, दोडका, अळू सगळं त्यातच घेतो. एक किलो माती विकत आणलेली नाही.

कोलशेतची_माळीण | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

भाजीला अमृतमातीसारखं काही नाही, मीही करते. पण भाजीच्या वाफ्यात तुम्ही दर हंगामात भर घालता, माती उकरता. लॉनखाली हात घालता येत नाही. सेंद्रिय भाग कुजत जातो तसा थर बसतो, तोही सगळीकडे सारखा नाही. कुठे खड्डा, कुठे उंचवटा, खड्ड्यात जुलैभर पाणी. म्हणून लॉनच्या मिश्रणात सेंद्रिय भाग एक तृतीयांशाच्या आतच ठेवते, त्यातही गांडूळखत कमी आणि हळू कुजणारं कोकोपीट जास्त. जर्मनीत गच्चीवरच्या बागांची पद्धत मुरलेली आहे, तिथेही पातळ थरात खनिज भागच जास्त असतो.

आणि एक गोष्ट जी सहसा कोणी सांगत नाही. माती पातळ केली की ती लवकर वाळेल असं वाटतं. पावसाळ्यात उलटं होतं. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. थेंब थांबले की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागतं. उंची मिळाली की वरचं पाणी खाली ओढलं जातं. जमिनीत मातीखाली हातभर माती असते, ती ही ओढ देते. गच्चीवर १० सेंटिमीटरखाली ड्रेनेज सेलची (निचऱ्यासाठीच्या पोकळ प्लास्टिक ताटांची) पोकळी लागते आणि बारीक माती बुडाशी चिंब राहते. मुळं गुदमरतात, गवत पिवळं पडतं, आणि माळी म्हणतो खत कमी पडलं! म्हणून थर जितका पातळ तितकं मिश्रण भरड हवं.

अमृतमाती_भक्त | ९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

हा स्पंजचा मुद्दा पटला. लॉनपुरती माघार. कडेने वाफे करणार असाल तर मात्र हाक मारा.

हिशेबनीस | १० फेब्रुवारी, सकाळी १०:१५

खजिनदाराच्या खुर्चीतून एक प्रश्न. एप्रिल-मेमध्ये पाणी किती?

कोलशेतची_माळीण | १० फेब्रुवारी, दुपारी १:००

कडक उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ५-६ लिटर धरा. ६०० चौरस फुटांना म्हणजे रोज ३०० लिटरच्या आसपास. महिन्याला दहा हजारी टँकर जवळजवळ एक. मोरबे धरणाचं प्यायचं पाणी त्यात ओतायचं का, हे सभेत ठरवा. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. वॉशिंग मशीनचं नको, पातळ थरात साबणाचे क्षार साठत जातात. आरओचं वाया जाणारं पाणीही रोज नको, तेच कारण.

येऊर_रविवार | १० फेब्रुवारी, रात्री ९:२०

थोडं अवांतर, थोडं नाही. कोकणातले सडे बघा. जांभ्याच्या कातळावर वीतभरही माती नसते, आणि पावसाळ्यात तिथे गवतं, गेंद, सीतेची आसवं यांचा गालिचा होतो. दिवाळीनंतर सगळं वाळून सोनेरी. येऊरचा आणि पारसिकचा डोंगरही तसाच. हिरवी गच्ची म्हटलं की परदेशी फोटोंत सेडम (जाड, रसाळ पानांची बुटकी झाडं) दिसतं, ते आपल्या जुलैत सडतं. आपल्या हवेची हिरवी गच्ची म्हणजे सडा. मग ती मेमध्येही हिरवीगार पाहिजे हा हट्ट कशाला? आठ महिने हिरवी, चार महिने पिवळी ठेवली तर पाण्याचा प्रश्न निम्मा सुटतो.

हिशेबनीस | १० फेब्रुवारी, रात्री ९:४५

आमच्या सभासदांना वर्गणी देऊन पिवळं गवत दाखवलं तर पुढच्या सभेत माझंच वाळवण होईल. पण मुद्दा बरोबर आहे.

कोलशेतची_माळीण | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

येऊर_रविवार, हरळी नेमकं तेच करते. उन्हाळ्यात पाणी तोडलं की वरून वाळते, खालच्या गाठी जिवंत राहतात, पहिल्या पावसात पुन्हा हिरवी. आठवड्याला एकदोनदा जीव धरण्यापुरतं पाणी दिलं तरी पुरतं.

गवतांचं सांगते. नर्सरीत 'सिलेक्शन नंबर वन' म्हणून मिळतं ती हरळीचीच, म्हणजे आपल्या दूर्वांचीच, बारीक पानाची निवड. दिवसाला सहा-आठ तास ऊन हवं, ते तुमच्याकडे आहे. भरभर पसरते, तुडवलेलं सोसते, पण पावसाळ्यात दर आठवड्याला कापावी लागते. दुसरं झोयसिया. कापणी कमी, गादी दाट, पण पूर्ण झाकायला वेळ घेते. नर्सरीवाले त्याला मेक्सिकन म्हणतात, कोरियन म्हणतात, नावावर जाऊ नका, लावलेला तुकडा दाखवायला सांगा. पाणी खारट असेल तर पास्पालम. टाकीच्या सावलीत यातलं काहीच लावू नका, तिथे मोंडो ग्रास किंवा सरळ बाक ठेवा.

तुमच्यासाठी मी हरळी सुचवेन, एका अटीवर. हरळी म्हणजे काय ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. ती वॉटरप्रूफिंगच्या सांध्यात घुसेल. मेम्ब्रेनवर मूळरोधक एचडीपीई शीट हवीच, सांधे एकमेकांवर चढवून वेल्ड केलेले. लँडस्केपवाल्याचं 'जाड प्लास्टिक' म्हणजे ते नव्हे.

कार्पेटच्या लाद्या टाळा. त्यांना खाली चिकण मातीची गादी चिकटलेली असते. भरड मिश्रणावर ती बसवली की पाणी तिच्यातच अडतं, आणि लव्हाळ्याच्या गाठी त्यातूनच येतात. त्यापेक्षा मुळ्या धुतलेले ठोंब तीन-चार इंचांवर लावा. दोनेक महिन्यांत जमीन झाकते. लाद्या लावल्याचा फोटो त्याच दिवशी छान येतो, एवढाच त्यांचा फायदा.

पत्रा_बरा | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

गणपतीत २१ दूर्वांच्या जुड्या गच्चीतून फुकट. आता मीही फितूर होतोय.

सुट्टीवरचा_सिव्हिल | ११ फेब्रुवारी, रात्री ८:००

पाणी जाण्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पडला. रोज तसा पडत नाही, पण गच्ची त्या दिवसासाठी करायची. पाइपाच्या तोंडाशी पाला अडकला आणि गच्चीवर चार इंच पाणी तुंबलं, तर चौरस मीटरला आणखी १०० किलो आले. म्हणून:

प्रत्येक पाइपाच्या तोंडावर झाकण उघडता येईल असा जाळीचा चौकोनी डबा, त्यात माती नाही, गवत नाही. कठड्यालगत फूटभर रुंदीची खडीची पट्टी. कठड्यातून आरपार एक ओव्हरफ्लो पाइप, मातीच्या पातळीच्या थोडा वर, म्हणजे तोंडं चोंदली तर पाणी तिथून बाहेर पडेल आणि रस्त्यावरून दिसेलही. मेम्ब्रेन भिंतीवर वाट्यासकट (भिंत-स्लॅबच्या कोपऱ्यातल्या गोलाईसकट) चढवायची ती तयार मातीच्या वर किमान १५ सेंटिमीटर. जिन्याच्या दाराचा उंबरठा त्या मापात बसतो का ते आधी बघा, बहुतेक ठिकाणी घोडं तिथेच अडतं. आणि माती चढली तेवढा कठडा बुटका होतो. पोरं खेळणार आहेत ना?

थर खालून वर: उताराचं काँक्रीट, मेम्ब्रेन, मूळरोधक शीट, ड्रेनेज सेल, जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), मिश्रण. मेम्ब्रेन झाली की दोनतीन दिवस पाणी कोंडून चाचणी, खालच्या घरांत जाऊन छत बघायचं. ही चाचणी झाल्याशिवाय वर काहीही चढवू नका. लॉन झाल्यावर गळती सापडली तर ती कुठून आहे हे शोधायला सगळं उचलावं लागतं.

नीता_नेरूळ | २३ मार्च, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. इंजिनीअर येऊन गेले. भोक पाडून बघितलं, खरंच दोन कोबे, मिळून आठ इंच. त्यांचा निर्णय असा: दोन्ही काढायचे. दोन ठिकाणी सळ्या गंजल्यात, त्यांची दुरुस्ती आधी. दिवाणखान्यांवरच्या मोठ्या गाळ्याच्या (आधारांमधलं अंतर जास्त असलेल्या) स्लॅबवर माती अजिबात नाही, तिथे पांढऱ्या फरश्या. जिन्यालगतच्या लहान गाळ्याच्या स्लॅबवर, साधारण ३२० चौरस फुटांत, भिजलेल्या अवस्थेत लॉनचे सगळे थर मिळून चौरस मीटरला १४० किलोंच्या आत. १० सेंटिमीटर मिश्रण त्यात बसतंय. बादलीचा प्रयोग मी घरी केला, ११.९ आले.

६०० वरून ३२० म्हटल्यावर कमिटीत जरा नाराजी झाली. पण २५ टनांचा आकडा फळ्यावर लिहिल्यावर वरच्या मजल्यावरचे दोन्ही सभासद लगेच आमच्या बाजूला आले.

आता मुहूर्त. लँडस्केपवाला म्हणतो पावसाच्या तोंडावर लावा, पाणी वाचेल.

कोलशेतची_माळीण | २४ मार्च, सकाळी ९:००

जमिनीवर असतं तर मीही तेच म्हटलं असतं. गच्चीवर ठोंब रुजायच्या आत जूनचा पहिला मोठा पाऊस मिश्रण धुऊन जाळीत नेतो. मेपर्यंत वॉटरप्रूफिंग आटपा आणि हा पावसाळा गच्ची उघडीच राहू दे. छताला कुठे ओल येतेय का ते जुलैत कळेल. गणपती झाले की मिश्रण आणि ठोंब. तेव्हा ऊन असतं, मधूनमधून सरी असतात, नवरात्र ते दिवाळी गवत पसरतं.

मिश्रणाची पोती वर आली की एकावर एक थप्पी नको, पसरून ठेवा. मीटरभर उंच ढीग भिजला तर त्या एका चौरस मीटरवर टनाच्या वर जातो.

पुढच्या वर्षापासूनचं: शेणखत अर्धवट कुजलेलं घालू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) त्यातूनच येते. गवत ओढलं की मुळाशिवाय हातात आलं तर समजा ती आहे, मेटारायझियम (अळी मारणारी बुरशी) वापरा. जुलैत पिवळं पडलं आणि निचरा ठीक असेल तर नत्र धुऊन गेलंय, थोडं थोडं दोनदा द्या. कावळे-मैना वडा-पिंपळाचं बी टाकतात. पिंपळाचं रोप उपटायला आपल्याकडे कोणाचा हात धजत नाही, पण दोन पानांचं असतानाच काढून खाली कुंडीत लावा.

सुट्टीवरचा_सिव्हिल | २४ मार्च, सकाळी ९:४५

एक ओळ सभेच्या ठरावात घालाच. माळी दरवर्षी लॉनवर वाळू-खताचा हात मारतात. अर्धा सेंटिमीटर म्हटलं तरी भिजल्यावर चौरस मीटरला ८-१० किलो, दहा वर्षांत जवळजवळ १०० किलो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मिश्रणाची जाडी १० सेंटिमीटरच्या वर जाणार नाही, दरवर्षी दोन ठिकाणी सळई खुपसून मोजून नोंद करायची, मोठ्या कुंड्या ठेवायच्या नाहीत, असं स्पष्ट लिहा. कमिट्या बदलतात.

हिशेबनीस | २४ मार्च, सकाळी १०:३०

सळई खुपसताना मेम्ब्रेन फाटली तर?

सुट्टीवरचा_सिव्हिल | २४ मार्च, सकाळी १०:४०

खजिनदार शोभता. सळई नको, खडीच्या पट्टीच्या कडेला पट्टी धरून मोजा. किंवा आत्ताच दोन ठिकाणी प्लास्टिकचा पाइप उभा बसवा आणि त्यावर १० सेंटिमीटरची लाल खूण करा.

नीता_नेरूळ | २४ मार्च, रात्री ९:१०

लाल खुणेचे पाइप घेतले यादीत. कोबा फोडायला माणसं सोमवारपासून. कापणीचं यंत्र विजेचं घ्यावं की हाताने ढकलायचं, हे सप्टेंबरात विचारेन.

कोलशेतची_माळीण | २४ मार्च, रात्री ९:२५

३२० चौरस फुटांना हाताचंच. आत्ताच सांगून टाकते, नाहीतर मधल्या काळात कोणीतरी पेट्रोलचं विकत आणेल.